भोगीपासून उलटं मोजा: परसातल्या गादीवाफ्यात हिवाळी भाजी

दिवाळी दर वर्षी हलते. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये ते ऑक्टोबरातच आलं. 'दसऱ्याला गाजर, दिवाळीला कोबी' असले आडाखे जुन्या शेतकऱ्याला चालतात, कारण तो आभाळ बघून चार दिवस मागेपुढे करतो. नवख्याला ते चालत नाहीत. संक्रांत मात्र सूर्याच्या हिशेबाने येते, जानेवारीच्या 14 ला, फार तर 15 ला, आणि तिच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीच्या भाजीला गाजर लागतं, मटार लागतो, हरभऱ्याचे सोलाणे लागतात. शिवाय वांगं, पावटा, घेवडा आणि वरून तिळाचं कूट. यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याच परसातल्या हव्यात असं ठरवा आणि 13 जानेवारीपासून उलटं मोजायला लागा. हिवाळी भाजीचं यापेक्षा सोपं वेळापत्रक मला माहीत नाही.

मी नाशिकचा. एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो, आता निवृत्त. रो-हाउसच्या मागे छोटं परस आहे, जमीन काळी, तिन्ही बाजूंनी पाच फुटी कंपाउंड. गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, मी बांधतो, त्यात काय लावायचं ते बायको ठरवते. इथे जे सांगतोय ते या जागेचं आहे. देशावर, खानदेशात, मराठवाड्यात दोन-चार दिवसांच्या फरकाने तेच चालेल. कोकणातल्या लाल मातीत एक गोष्ट उलटी होते, ती मातीचा विषय आला की सांगतो.

वाफा उंच कशासाठी

यूट्यूबवर गादीवाफ्याचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक थंड मुलखातले. तिकडे हिवाळा संपला तरी जमीन गारठलेली असते. वाफा उंच केला की माती लवकर तापते आणि पेरणी लवकर करता येते. आपली अडचण बरोबर उलटी आहे. ऑक्टोबरात आपली माती तापलेलीच असते, तिला थंड कसं ठेवायचं हा प्रश्न असतो. मग आपण वाफा उंच का करायचा? पाण्यासाठी. काळी माती चिकण; भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भिजलेली असताना तिच्यात मुळांना हवा मिळत नाही. परतीच्या पावसाची एक सर आली की कोबीची रोपं चार दिवस पाण्यात उभी राहतात आणि मुळं कुजतात. गाजर-मुळ्याला तर खाली सरळ जायला भुसभुशीत माती लागते, काळ्या चिकणीत ती वेडीवाकडी होतात.

आपल्याला वाफ्याची गरज आहे की नाही हे बघायची साधी रीत आहे. फूटभर खड्डा घ्या, पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. चार तासांनी पाणी तसंच असेल तर वाफा उंच करा. तासाभरात जिरत असेल तर विटांचा खर्च वाचवा, माती चांगली खणून सपाट वाफ्यातच लावा. तिथे उंच वाफा उलट जास्त पाणी मागतो.

जागा

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण जागा ठरवताना कोणी ते वापरत नाही. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते. म्हणजे दक्षिणेकडच्या पाच फुटी कंपाउंडला लागून वाफा केलात तर ऐन हंगामात त्याला दुपारचंही ऊन नाही. सप्टेंबरमध्ये जागा बघताना तिथे छान ऊन दिसतं, तिथेच फसायला होतं. दक्षिणेच्या भिंतीपासून निदान सहा फूट लांब या. पालेभाजीला चार-पाच तास ऊन पुरतं, कोबी, फ्लॉवर, गाजर, मटार यांना सहा तास हवं.

घराच्या भिंतीला चिकटून वाफा कधीच करू नका, ओल घरात येते. फूटभर तरी जागा सोडा.

गच्चीवर करायचं असेल तर एक हिशेब आधी करा. ओली माती घनफुटाला 45 किलोच्या आसपास भरते. आठ बाय चारचा फूटभर खोल वाफा म्हणजे 32 घनफूट, म्हणजे दीड टनाच्या घरात. स्लॅबवर ही गोष्ट इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायची नाही. गच्चीवाल्यांनी सरळ क्रेट आणि ग्रो-बॅग घ्याव्यात, मेथी-पालक-कोथिंबीर त्यात उत्तम येते.

बांधणी

रुंदी चार फूट. जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हा गादीवाफ्याचा पहिला आणि शेवटचा नियम. एकाच बाजूने जाता येत असेल तर रुंदी दोन फूट. लांबी जागेप्रमाणे, मी आठ फूट धरतो. उंची फूटभर. नऊ इंचात पालेभाजी आणि कोबी येतो, गाजराला फूट हवा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, त्याचं कारण लावणीच्या वेळी कळेल.

आठ बाय चारला, चार थरांनी, सुमारे 140 विटा लागतात. सिमेंट लावू नका. कोरड्या विटा सांधेमोड करून रचा, म्हणजे खालच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य आला पाहिजे, पहिला थर दोन इंच जमिनीत गाडा. माती भरली की ती विटांना बाहेर ढकलते, म्हणून दर दोन फुटांवर बाहेरच्या अंगाला 10 मिमीच्या सळईचा दीड-दोन फुटी तुकडा ठोका. भंगारवाल्याकडे असे तुकडे किलोवर मिळतात. विटांमधल्या फटींतून जास्तीचं पाणी निघून जातं, आणि उद्या जागा बदलावीशी वाटली तर सगळं उचलता येतं. विटांऐवजी शहाबादी फरशीचे उभे तुकडे चालतात. जुन्या प्लायवूडच्या आणि रंगवलेल्या लाकडाच्या फळ्या नकोत, एका पावसाळ्यात फुगतात आणि वाळवीला बोलावणं जातं.

माती भरण्याआधी तळ नीट करायचा. बांधकाम झालेल्या परसात वितीवर राडारोडा निघतो: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, टाइल्सच्या कपच्या. तो काढा. मग कुदळीने सहा इंच खणून ढेकळं फोडा, म्हणजे वरची चांगली माती आणि खालची काळी यांच्यात पाणी अडणार नाही. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. तणावर पुठ्ठा अंथरा म्हणजे झालं, असं व्हिडिओत सांगतात. साध्या गवताला पुठ्ठा पुरतो, लव्हाळा पुठ्ठा भोसकून वर येतो. गाठ वेचली नाही तर पुढे सगळा हिवाळा तेच काम.

आणि घुशी. नाशिकच्या कॉलन्यांमध्ये गटारांच्या कडेने घुशी फिरतात. मऊ माती आणि आत गाजर असं दिसलं की त्या खालून बोगदा काढतात. तळाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी अंथरली की प्रश्न मिटतो. हे काम माती भरल्यावर करता येत नाही.

माती

32 घनफूट म्हणजे ब्रासचा (100 घनफुटांचा) जवळजवळ एक तृतीयांश. घमेल्याने मोजायचं तर पासष्ट-सत्तर घमेली. यात निम्मी माती, तीन दशांश मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन दशांश कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पालापाचोळा. दहा घमेल्यांचा ढीग करताना पाच, तीन, दोन, असं लक्षात ठेवा. माती पोयट्याची, गाळाची मिळाली तर सोनंच. नर्सरीतली लाल माती चालते. परसातलीच काळी वापरायची असेल तर पाचातली दोन घमेली काळी आणि तीन लाल घ्या. वरून सगळ्या वाफ्याला दोन किलो निंबोळी पेंड. ढीग कालवा, ओला करा, मग भरा. भरल्यावर पंधरा दिवसांत माती चांगली तीन-चार इंच बसते, म्हणून विटांच्या वर शीग येईपर्यंत भरायचं आणि थोडं मिश्रण गोणीत राखून ठेवायचं.

शेणखताबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवख्यांचा हंगाम बहुतेक इथेच बिघडतो. ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेण वाफ्यात गेलं की ते तिथेच कुजायला लागतं, तापतं, कोवळी मुळं भाजतात. त्यातून हुमणीची पांढरी अळी येते, ती मुळं कुरतडते. गाजराला फाटे फुटतात. ट्रॉलीवाला 'जुनंच आहे' म्हणतो. तो सगळ्यांनाच म्हणतो. मूठभर हातात घ्या. शेणाचा वास आला तर नको. पावसानंतरच्या मातीसारखा वास, रंग जवळजवळ काळा, हातात गरम लागत नाही, काडी-गवत ओळखू येत नाही, असं असेल तर घ्या. खात्री नसेल तर थोडे पैसे जास्त जातील, पण गांडूळखत घ्या.

चुना आणि राख. थंड आणि जास्त पावसाच्या देशांत माती आम्लधर्मी असते, म्हणून तिकडचे लोक कोबीच्या वाफ्यात चुना घालायला सांगतात. देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, चुनखडीची. तिच्यात आणखी चुना किंवा चुलीतली राख ओतली की पानं पिवळी पडतात, कारण लोह वगैरे मुळांना मिळेनासं होतं. इकडे चुना नको, राखही चिमटीनेच. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत मात्र ती आम्लधर्मी असल्यामुळे थोडा चुना उपयोगी पडतो. उलटी होणारी गोष्ट म्हणालो ती ही.

काय, कधी, कुठे

आता भोगीपासून मागे चला.

गाजराला सुमारे 90 दिवस लागतात, म्हणजे 15 ऑक्टोबर. लाल गाजर हवं असेल तर 'पुसा केसर' किंवा 'पुसा रुधिरा'. केशरी 'नॅन्टिस' जातीला गारवा जास्त लागतो, ती नोव्हेंबरात पेरा. गाजर कधीही रोप करून लावायचं नाही, जागेवरच पेरायचं. बी बारीक असतं, ते चौपट कोरड्या वाळूत मिसळा, बोटाने अर्धा इंच खोल रेघ ओढा, त्यात सोडा आणि वरून चाळलेलं कंपोस्ट भुरभुरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरचा पापुद्रा एकदाही वाळता कामा नये. ऑक्टोबरच्या उन्हात हे अवघड, म्हणून ओलं गोणपाट अंथरायचं आणि त्यावरच झारीने पाणी द्यायचं. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून बघा. पहिले हिरवे दोरे दिसले की त्याच संध्याकाळी काढून टाका. एक दिवस उशीर केला तर रोपं गोणपाटाच्या विणीत अडकून उपटली जातात. बोटभर उंच झाली की विरळणी: दोन गाजरांत दोन-तीन इंच. विरळणी करताना जीव तुटतो, बायको तर तेव्हा अंगणात थांबतच नाही. पण दाट ठेवली तर जानेवारीत नुसता पाला मिळेल.

हरभरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. घरातला अख्खा गावरान हरभरा चालतो. महिनाभराचा झाला की शेंडे खुडायचे. ती झाली हरभऱ्याची भाजी, आणि खुडल्यामुळे झाड फुटवे धरतं, घाटे जास्त लागतात. याला पाणी कमीच द्या. लाड केले तर झाड माजतं आणि घाटे धरत नाही.

कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांची रोपं करावी लागतात. बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टाका. ट्रे खिडकीत ठेवा. रोपांना 25 ते 30 दिवस लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच पानांची रोपं वाफ्यात जायला हवीत, म्हणजे 'गोल्डन एकर'सारखा लवकर येणारा कोबी भोगीच्या सुमारास गड्डा धरतो. पहिल्या वर्षी मात्र बी टाकायच्या फंदात पडू नका. रोपवाटिकेत ट्रेमधली तयार रोपं मिळतात, पाच कोबी, तीन फ्लॉवर, सहा नवलकोल एवढीही देतात. उंच लुकडी रोपं घेऊ नका. बुटकी, जाड देठाची, मुळं पांढरी असलेली घ्या. लावणी संध्याकाळी करा, दोन रोपांत दीड फूट, नवलकोलला नऊ इंच पुरे. पहिले चार दिवस दुपारी वर जुन्या साडीची सावली.

फ्लॉवर हा या तिघांत नखरेल. चुकीच्या वेळी चुकीची जात लावली की लिंबाएवढा गड्डा धरून तिथेच थांबतो. लवकर येणाऱ्या आणि उशिराच्या जाती वेगळ्या असतात. 'स्नोबॉल' प्रकाराला खरी थंडी लागते. रोपं घेताना 'ही कोणत्या महिन्याची जात?' एवढं विचारा. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच दोन-तीन बाहेरची पानं त्याच्यावर मोडून ठेवा किंवा सुतळीने बांधा, म्हणजे ऊन लागून पिवळा पडत नाही. पहिल्याच वर्षी एकच काहीतरी सोडायचं असेल तर फ्लॉवर सोडा, नवलकोल लावा. तो कोणाकडूनही येतो.

मटार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. 'अर्केल' ही बुटकी, लवकर येणारी जात, दोन महिन्यांच्या आसपास शेंगा देते. ऑक्टोबरच्या उन्हात पेरलात तर बी कुजतं. दुकानातला उसळीचा पांढरा वाटाणा पेरू नका, ती वेगळी जात, दाणा गोड होत नाही. आधाराला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रोवा; वेल त्यांना अशी धरते की बांधावं लागत नाही. मटाराला वेगळं खत नको, नाहीतर नुसता पाला वाढतो.

मुळ्याला 40-45 दिवस, म्हणजे भोगीला हवा तर नोव्हेंबरच्या अखेरीस. पालकाला तेवढेच. मेथीला 25 ते 30, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर. पण ही तिन्ही फक्त भोगीसाठी नसतात, त्यांची ऑक्टोबरपासून रांग लावायची. एकाच दिवशी सगळी मेथी पेरली की एकाच आठवड्यात दहा जुड्या तयार होतात, आणि मग शेजारीपाजारी वाटत फिरावं लागतं. फूटभर रुंदीचा एक पट्टा आज, पुढचा दहा-बारा दिवसांनी, तिसरा त्यानंतर. मेथीदाणे स्वयंपाकघरातलेच, रात्रभर भिजवून. धणे आधी लाटण्याने रगडून दोन फाका करायच्या. अख्खा धणा उगवायला फार वेळ लावतो. शेपू, चाकवत, आंबट चुका, करडई यांचंही असंच. करडईचा कोवळा पाला महिन्याभरात काढा, त्यानंतर तिला काटे येतात.

लसूण ऑक्टोबरच्या अखेरीस, वाफ्याच्या कडेने, विटांपासून तीन इंच आत. मोठ्या बाहेरच्या पाकळ्या निवडा, टोक वर, इंचभर खोल, चार-चार इंचांवर. 'भीमा पर्पल', 'भीमा ओंकार' या राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या जाती. त्या मिळाल्या तर छान, नाहीतर बाजारातला गावरान लसूण. कंद फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये, पात मात्र डिसेंबरपासून खुडता येते, बाजरीच्या भाकरीबरोबर.

पावटा आणि वांगं यांच्यामागे लागू नका. पावट्याचा वेल पसरून सगळा वाफा खातो, आणि वांगं पावसाळ्यातच लावलेलं असावं लागतं. ते दोन्ही मंडईतून आणा.

मांडणी अशी. उत्तरेच्या काठाला फूटभर पट्टा मटाराचा, कारण तो उंच आणि त्याची सावली वाफ्याबाहेर पडते. वाफा पूर्व-पश्चिम ठेवायला सांगितला तो यासाठी. मधल्या दीड फुटात कोबीची ओळ, आठ फुटांत पाच रोपं बसतात. ती पसरायला महिना घेतात, तोवर त्यांच्यामध्ये मेथी किंवा मुळा काढून घ्या. दक्षिणेच्या दीड फुटात अर्ध्या लांबीत गाजर आणि उरलेल्या अर्ध्यात पालेभाजीचे पट्टे. फ्लॉवर किंवा नवलकोल हवे असतील तर कोबीतल्या दोन जागा त्यांना द्या. हरभऱ्याला या वाफ्यात बसवू नका, त्याला कमी पाणी लागतं. वाफ्याबाहेर काळ्या जमिनीतच टोचा, तिथे तो खूश असतो. एवढ्या वाफ्यात घरची सगळी भाजी भागत नाही, भाजीवाल्या मावशींशी संबंध तोडू नका.

पाणी आणि आच्छादन

ऑक्टोबरात रोज सकाळी, डिसेंबरात दोन-तीन दिवसांआड. पण घड्याळ लावून पाणी देऊ नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. खाली ओल असेल तर आज सुट्टी. वरची माती कोरडी दिसते म्हणून रोज शिंपडत राहिलात तर वरचे दोन इंच ओले आणि खाली कोरडं, मुळं वरच राहतात. द्यायचं तेव्हा भरपूर द्या, विटांच्या फटींतून थेंब दिसेपर्यंत. पाणी सकाळी. संध्याकाळी पानं ओली राहिली तर बुरशीचे रोग यायची भीती असते.

रोपं वितीएवढी झाली की मोकळ्या मातीवर दोन इंच आच्छादन: उसाचं पाचट, वाळलेला पाला, जे मिळेल ते. मातीचा गारवा टिकवायला हेच कामाचं. देठाला मात्र चिकटवू नका, आणि वाळवी दिसली तर थर पातळ करा.

थंडीची काळजी नवखे फार करतात. निफाडला पारा 5-6 अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात, आणि लोक कोबीवर चादरी घालतात. गरज नाही. कोबी, मेथी, पालक, गाजर, मटार यांना ही थंडी आवडतेच. परसात टोमॅटो, मिरची असतील तर त्यांना त्या रात्री झाका.

किडी

मोठी डोकेदुखी मावा. ढगाळ हवा आली की दोन दिवसांत कोबीच्या आणि मोहरीच्या पानांमागे राखी थर दिसतो. आधी नळीने पाण्याचा जोराचा फवारा पानांमागे मारा, निम्मं काम तिथेच होतं. राहिलं तर निंबोळी अर्क: लिटरला 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या, फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, साबणाचा चुरा चिमूटभर, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. त्यासाठी निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच वाळवून ठेवाव्यात. नाही ठेवल्या तर कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिली. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर मात्र फवारणी थांबवा. ते मावाच खातात.

कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालतो आणि त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात. कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या दोन टोकांना फोडणीचीच मोहरी पेरून ठेवा. पतंग आणि मावा दोन्ही आधी मोहरीवर जातात. ती किडींनी भरली की उपटून पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टमध्ये नको. उरलेल्या अळ्या रोज सकाळी चहा व्हायच्या आत हाताने वेचता येतात. पाच झाडं तर आहेत.

पालकाच्या आणि मेथीच्या पानात पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. ती पानाच्या आत असल्यामुळे वरून काही मारून उपयोग नाही, तेवढी पानं तोडा. चिमण्या आणि साळुंक्या मटाराचे कोंब उपटतात, मांजरं मऊ माती शोधत येतात. या सगळ्यांवर एकच इलाज, बोरीच्या काटेरी फांद्या पंधरा दिवस वाफ्यावर टाकून ठेवा.

आणखी एक. पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरवं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. पेरल्यावर हात धुवा, उरलेलं बी मुलांच्या आणि स्वयंपाकघराच्या वाटेपासून लांब ठेवा.

फेब्रुवारी-मार्च

महाशिवरात्रीच्या आसपास ऊन बदलतं आणि पालेभाज्या फुलावर येतात. मेथी कडू होते, कोथिंबिरीला पांढरी फुलं धरतात, मुळा आतून जाळीदार होतो. मेथी-पालकाची शेवटची पेरणी म्हणूनच जानेवारीच्या मध्यापर्यंत उरकायची. फुलावर गेलेले दोन-तीन मुळे उपटू नका. त्यांना ज्या कोवळ्या शेंगा येतात त्या डिंगऱ्यांची भाजी मुळ्यापेक्षा चांगली लागते. कोथिंबिरीचे धणे होऊ द्या, पुढच्या ऑक्टोबराला बी घरचं.

मटाराचे वेल उपटायचे नाहीत, जमिनीलगत कापायचे. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मातीत राहतं. कोबीचे बुंधे मात्र मुळासकट काढा, आणि पुढच्या हिवाळ्यात कोबीची ओळ दुसऱ्या पट्ट्यात हलवा, कोबीच्या जुन्या जागी मटार घ्या. लसणाची पात निम्मी पिवळी पडली की आठवडाभर पाणी बंद, मग कंद काढून सावलीत पातीसकट टांगायचे.

सगळं निघाल्यावर वाफ्यात सात-आठ घमेली कंपोस्ट घाला, माती हाताने वरखाली करा, आणि मार्चमध्ये गवार किंवा चवळी पेरा. रिकामा वाफा उन्हात तापत ठेवायचा नाही. विटा तिथेच राहू द्या, ढिल्या झालेल्या सळया तेवढ्या पावसाच्या आधी पुन्हा ठोका.